वेल्श भाषा आणि स्वयंशासन : ब्रिटिश पक्षांच्या भूमिकांचा मागोवा

युनायटेड किंग्डमच्या चार घटकदेशांपैकी वेल्स हा एक. त्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून थोडी अधिक. इंग्रजी या बेटावर येण्यापूर्वीपासून तेथे बोलली जाणारी, केल्टिक कुळातील वेल्श ही त्याची स्वतःची भाषा. २०२१ च्या जनगणनेत ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या १७.८ टक्के लोकांनी, आपल्याला ही भाषा बोलता येते असे नोंदविले. १९९९ पासून राजधानी कार्डिफ येथे वेल्सचे स्वतंत्र विधिमंडळ आहे आणि २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला आहे.

जो पक्ष भाषेचा कैवार घेतो तोच स्वयंशासन मागतो आणि जो एकाला विरोध करतो तो दुसऱ्यालाही करतो, असे दुरून पाहणाऱ्यास वाटणे साहजिक आहे. वेल्सचा इतिहास या समजुतीला छेद देतो. वेल्शची दूरचित्रवाणी वाहिनी, शाळांतील सक्तीचे शिक्षण आणि १९९३ चा भाषा कायदा या तिन्ही गोष्टी स्वयंशासनाला कडवा विरोध करणाऱ्या हुजूर पक्षाच्या राजवटीत झाल्या. विधिमंडळ दिले ते मजूर पक्षाने, आणि त्या पक्षातील एक मोठा गट वेल्श भाषेच्या चळवळीकडे सदैव संशयाने पाहत आला होता. भाषा ज्याच्या जन्माचे कारण, त्या प्लाइड कम्री या राष्ट्रवादी पक्षाला सत्तेच्या जवळ जाण्यासाठी आपल्यावरील ‘भाषेचा पक्ष’ हा शिक्का पुसट करावा लागला.

यामागील कारण भूगोलात आहे. वेल्श ही प्रामुख्याने वायव्येची आणि पश्चिमेची, डोंगरांतल्या व किनाऱ्यावरच्या गावांची भाषा. लोकसंख्येची दाटी मात्र दक्षिणेकडील कोळसा खाणींच्या खोऱ्यांत आणि कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वान्सी या बंदरांत. त्यामुळे भाषेचा प्रश्न म्हटला की एक मतदार समोर येतो आणि स्वयंशासनाचा म्हटला की दुसरा. प्रत्येक पक्षाचे धोरण आपला मतदार कोठे राहतो यावरून ठरत गेले.

उदारमतवाद्यांचे राज्य

१५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत विलीन झाला. न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्शखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्याला सरकारी पदाचे दार बंद झाले. राजदरबारातून हद्दपार झालेली भाषा धर्माने तारली. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले, आणि पुढे अँग्लिकन चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांच्या साध्या प्रार्थनाघरांत, रविवारच्या शाळांत सामान्य माणूस वेल्श वाचायला शिकला. १८४७ मध्ये वेल्श न जाणणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी तेथील शिक्षणाची पाहणी करून अहवाल सादर केला. त्यात लोकांच्या मागासलेपणाचा आणि कथित अनीतीचा दोष भाषेवर व या पंथांवर टाकण्यात आला. अहवालाच्या निळ्या वेष्टनावरून त्याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ हे नाव पडले, आणि वेल्श राजकारणाची दिशा त्या संतापाने ठरविली. वर्गात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविण्याची प्रथा याच शतकातली.

मताधिकार रुंदावल्यावर हा संताप उदारमतवादी पक्षाच्या पारड्यात पडला. जमीनदार आणि अँग्लिकन चर्च हे हुजूर पक्षाचे आधार. कुळे आणि प्रार्थनाघरे उदारमतवाद्यांची. वेल्सला इंग्लंडपासून वेगळे मानून आधुनिक काळात केलेला पहिला कायदा १८८१ चा. तो रविवारी मद्यालये बंद ठेवण्याबाबत होता. विषय किरकोळ वाटला तरी संसद वेल्ससाठी निराळा कायदा करू शकते हे त्याने मान्य केले. १८८९ च्या कायद्याने माध्यमिक शाळांचे जाळे उभे राहिले, पण ज्या शाळांचा वेल्श समाजाने एवढा अभिमान बाळगला त्या शिकवीत होत्या इंग्रजीतून. उदारमतवादी पिढीला वेल्श ही घराची आणि देवाची भाषा वाटे. सरकारी कामकाजाची भाषा म्हणून तिचा विचार फार थोड्यांनी केला.

१८८६ मध्ये स्थापन झालेली ‘कम्री वीध’, म्हणजे भावी वेल्स, ही चळवळ या पक्षातूनच निघाली. टॉम एलिस आणि तरुण डेव्हिड लॉइड जॉर्ज हे तिचे नेते. वेल्सला स्वतःचे विधिमंडळ हवे अशी त्यांची मागणी होती. जानेवारी १८९६ मध्ये न्यूपोर्ट येथे दक्षिणेकडील उदारमतवाद्यांच्या सभेत ती फेटाळली गेली. बंदरांतील व्यापारी आणि खाणमालक इंग्रजीभाषक होते. वेल्श बोलणाऱ्या ग्रामीण बहुमताच्या हाती आपला कारभार जाईल ही त्यांची भीती होती. भाषा आणि स्वयंशासन यांच्यात पडलेली ही पहिली उघड फूट. लॉइड जॉर्ज यांनी त्यानंतर लंडनची वाट धरली आणि १९१६ मध्ये ते पंतप्रधान झाले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हे असे ते एकमेव ब्रिटिश पंतप्रधान. तरीही वेल्सला विधिमंडळ देणे त्यांच्या कारकिर्दीत घडले नाही. अँग्लिकन चर्चचा वेल्समधील राजमान्य दर्जा १९२० मध्ये संपला आणि उदारमतवाद्यांजवळ वेल्ससाठी मागायचे असे मोठे काही उरले नाही. १९२२ पासून मजूर पक्ष तेथील सर्वांत मोठा पक्ष झाला.

पुल्हेलीची बैठक

५ ऑगस्ट १९२५ रोजी पुल्हेली येथे, आयस्टेदवोद या वार्षिक साहित्य-संगीत महोत्सवाच्या निमित्ताने जमलेल्या मोजक्या मंडळींनी प्लाइड कम्री पक्ष स्थापन केला. साहित्यिक सॉण्डर्स ल्यूइस आणि बॅप्टिस्ट धर्मोपदेशक लुइस व्हॅलेन्टाइन हे त्याचे आघाडीचे प्रवर्तक. आरंभी पक्षाचा भर भाषेवरच होता. वसाहतींना मिळतो तसा स्वायत्त दर्जा वेल्सला मिळावा हे धोरण १९३२ मध्ये स्वीकारले गेले. १९२९ च्या पहिल्या संसदीय निवडणुकीत व्हॅलेन्टाइन यांना ६०९ मते पडली. प्राध्यापक, शिक्षक आणि धर्मोपदेशकांचा हा पक्ष निवडणुका जिंकेल असे त्याच्या सभासदांनाही वाटत नसावे.

देशाचे लक्ष त्याच्याकडे गेले ते १९३६ मध्ये. सरकारने पेनिबर्थ येथील जुने शेतघर पाडून विमानांतून बॉम्ब टाकण्याचे शिक्षण देणारे केंद्र उभारायला घेतले. ल्यूइस, व्हॅलेन्टाइन आणि लेखक डी. जे. विल्यम्स यांनी तेथील बांधकामाला आग लावली आणि स्वतः पोलीस ठाण्यात हजर झाले. कर्नार्व्हनच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही, तेव्हा खटला लंडनला हलविण्यात आला आणि तिघांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली.

ल्यूइस यांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे १३ फेब्रुवारी १९६२ रोजी बीबीसीवरून प्रसारित झालेले ‘भाषेचे भवितव्य’ हे व्याख्यान. त्यातील आशय आजही पक्षांना अडचणीत टाकणारा आहे. स्वयंशासनापेक्षा भाषा महत्त्वाची, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. वेल्शला वेल्श भागात कारभाराची भाषा करण्याआधीच स्वयंशासन मिळाले, तर इंग्रजी राजवटीत मरायची त्याहून लवकर ती मरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. उदाहरण म्हणून त्यांनी लँगेनेख गावातील बीझली दाम्पत्याकडे बोट दाखविले. घरपट्टीची मागणी वेल्शमधून आल्याखेरीज भरणार नाही, असे या दोघांनी १९५२ मध्ये ठरविले होते. डझनाहून अधिक वेळा त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले, जप्तीत घरातील सामान गेले, आणि १९६० मध्ये द्विभाषी मागणीपत्र हाती आले. परिसरातील बहुसंख्य लोक वेल्श बोलणारे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आठ वर्षांचा अर्थ कळतो. अडवणूक लंडनची नव्हती, स्थानिक परिषदेची होती.

व्याख्यान पक्षाला उद्देशून होते, पण तेव्हाचे अध्यक्ष ग्विनव्हर इव्हान्स यांनी निवडणुकीचा मार्ग सोडला नाही. कायदेभंगाचे काम त्याच वर्षी स्थापन झालेल्या वेल्श भाषा संघटनेने उचलले. रस्त्यांवरील इंग्रजी पाट्या रंगविण्यापासून तुरुंगवासापर्यंत तिच्या तरुण सभासदांची मजल गेली. पक्ष एका वाटेने, चळवळ दुसऱ्या वाटेने, ही कामाची वाटणी बरीच सोयीची ठरली.

मजूर पक्षाची दोन मने

खाण कामगारांच्या जोरावर वेल्समध्ये अढळ झालेल्या मजूर पक्षात या प्रश्नावर आरंभापासून दोन प्रवाह होते. १९०० मध्ये मर्थर टिडव्हिलमधून निवडून आलेले कीर हार्डी स्वयंशासनाचे पुरस्कर्ते होते. पुढच्या पिढीतील अन्यूरिन बेव्हन यांना ते मान्य नव्हते. कोळशाच्या भावाचा किंवा बेकारीचा प्रश्न वेल्सचा वेगळा आणि यॉर्कशरचा वेगळा असू शकत नाही. कामगारांची एकजूट हवी आणि सत्ता संपूर्ण ब्रिटनची हवी, ही त्यांची भूमिका. राष्ट्रीय आरोग्य सेवेचा हा शिल्पकार स्वतः वेल्श बोलत नसे. त्याचे वडील मात्र वेल्शमध्ये कविता करणारे. खोऱ्यांतील हजारो घरांची एका पिढीतील कथा हीच होती. मुलांनी इंग्रजी शिकावी म्हणजे खाणीतून सुटका होईल, असे आईबापांना वाटे. १९११ मध्ये वेल्श बोलणारे ९ लाख ७७ हजार होते; १९६१ पर्यंत त्यांचे प्रमाण २६ टक्क्यांवर आले होते.

दुसऱ्या बाजूला जिम ग्रिफिथ्स आणि अँगलसीचे खासदार क्लेडविन ह्यूज यांच्यासारखे वेल्शभाषक नेते होते. १९५० च्या दशकात ‘वेल्ससाठी संसद’ या सर्वपक्षीय मोहिमेच्या अर्जावर सुमारे अडीच लाख सह्या गोळा झाल्या. तिच्या अध्यक्ष लॉइड जॉर्ज यांच्या कन्या मेगन होत्या, आणि मर्थरचे मजूर खासदार एस. ओ. डेव्हिस यांनी १९५५ मध्ये त्यासाठी विधेयकही मांडले. पक्षश्रेष्ठींनी त्याकडे पाठ फिरविली. ग्रिफिथ्स यांच्या आग्रहामुळे एवढे झाले की १९५९ च्या जाहीरनाम्यात वेल्ससाठी मंत्रिमंडळातील स्वतंत्र मंत्रिपदाचे आश्वासन आले आणि १९६४ मध्ये सत्ता मिळताच ग्रिफिथ्स हेच पहिले वेल्स मंत्री झाले.

या काळातील सर्वांत खोल जखम त्रिवेरिन खोऱ्याची. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी तेथे धरण बांधण्याचा कायदा १९५७ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारच्या काळात संमत झाला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी तो संमत झाला. धरणाची मागणी करणारी लिव्हरपूल महापालिका मजूर पक्षाच्या ताब्यात होती. कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव शाळा, प्रार्थनाघर आणि दफनभूमीसह १९६५ मध्ये पाण्याखाली गेले. भाषा आणि स्वयंशासन या दोन प्रश्नांना पहिल्यांदा एकत्र आणले ते या धरणाने. वेल्सचे सर्व प्रतिनिधी मिळूनही एक गाव वाचवू शकत नाहीत, हे साध्या माणसाला त्यातून समजले.

१४ जुलै १९६६ रोजी कारमार्दनच्या पोटनिवडणुकीत ग्विनव्हर इव्हान्स विजयी झाले आणि प्लाइड कम्रीला पहिला खासदार मिळाला. मेगन लॉइड जॉर्ज यांच्या निधनाने ही जागा रिकामी झाली होती. पाठोपाठ १९६७ मध्ये पश्चिम रोन्धा आणि १९६८ मध्ये केरफिली या मजुरांच्या बालेकिल्ल्यांत पक्षाची मताधिक्ये कोसळली. सरकार दोन दिशांनी हलले. १९६७ चा वेल्श भाषा कायदा आला. न्यायालयात तोंडी वेल्श वापरण्याचा हक्क मिळाला, आणि ‘इंग्लंड’ या शब्दात वेल्सचा समावेश मानणारी १७४६ ची तरतूद वेल्सपुरती रद्द झाली. दुसरीकडे राज्यघटनाविषयक शाही आयोग नेमण्यात आला. भाषा कायदा करणारे वेल्स मंत्री क्लेडविन ह्यूज यांच्या जागी १९६८ मध्ये जॉर्ज थॉमस आले. राष्ट्रवाद्यांबद्दलची आपली नावड ते कधी लपवीत नसत. एकाच पक्षाची दोन मने एकाच खुर्चीवर पाठोपाठ बसलेली दिसतात.

याच काळात एक काम मात्र गाजावाजा न होता चालले होते. पालकांच्या मागणीवरून वेल्श माध्यमाच्या शाळा निघू लागल्या. १९४७ मध्ये लानेली येथे स्थानिक परिषदेने चालविलेली पहिली प्राथमिक शाळा, १९५६ मध्ये र्‍हिल येथे पहिले माध्यमिक विद्यालय, आणि १९६२ मध्ये दक्षिणेत र्‍हिदव्हेलेन. मजुरांचे वर्चस्व असलेल्या काही परिषदांनीही या शाळांना जागा आणि पैसा दिला. भाषणांतील विरोध आणि प्रत्यक्ष अंदाजपत्रक यांत अनेकदा अंतर असते. त्याचा लाभ येथे भाषेला झाला.

१९७९ चा कौल

शाही आयोगाच्या शिफारशींतून मजूर सरकारने १९७८ चा वेल्स कायदा केला. कायदे करण्याचा अधिकार नसलेली, केवळ अंमलबजावणी पाहणारी सभा त्यात योजिली होती. १ मार्च १९७९ रोजी सार्वमत झाले. बाजूने २ लाख ४३ हजार ४८, विरोधात ९ लाख ५६ हजार ३३०. एकास चार असा नकार. आठही काउंटींनी नाही म्हटले. भाषेचा गड मानल्या गेलेल्या ग्विनेदमध्येही सुमारे एक तृतीयांशच मते बाजूने पडली.

विरोधाचे नेतृत्व सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी केले होते. नील किनॉक आणि लिओ अ‍ॅब्स हे त्यांतील प्रमुख. सभा आली की नोकऱ्या आणि पदे वेल्श बोलणाऱ्या अल्पसंख्य वर्गाच्या हाती जातील, ही भीती दक्षिणेत प्रभावीपणे पसरविण्यात आली. उत्तरेत व पश्चिमेत भीती नेमकी उलटी होती: कार्डिफची इंग्रजीभाषक, मजुरांची सभा आपल्यावर राज्य करील. दोन्ही भीती एकाच वेळी खऱ्या असणे अशक्य होते, पण मतपेटीत त्यांची बेरीज झाली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आठवणी ज्या राज्यात अद्याप ताज्या आहेत, तेथील वाचकाला भाषेचा आणि प्रदेशाच्या दर्जाचा प्रश्न एकाच मतपत्रिकेत कसा गुंतत जातो हे निराळे सांगायला नको.

महिनाअखेरीस कॅलहन सरकार एका मताने कोसळले. त्या वेळी प्लाइड कम्रीच्या तिन्ही खासदारांनी सरकारच्या बाजूने मत दिले. त्या बदल्यात दगडपाटीच्या खाणींत फुप्फुसे निकामी झालेल्या कामगारांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा पदरात पडला. स्वयंशासनाचा डाव हरलेल्या पक्षाने त्या आठवड्यांत मिळविलेली ही एकच ठोस गोष्ट, आणि उत्तर वेल्समधील अनेक घरांना तिचा प्रत्यक्ष लाभ झाला.

हुजूर पक्षाचा हिशेब

मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या आणि स्वयंशासनाचा विषय पुढील अठरा वर्षे बंद राहिला. भाषेचा राहिला नाही. निवडणुकीपूर्वी हुजूर पक्षाने वेल्शसाठी दूरचित्रवाणी वाहिनीचे आश्वासन दिले होते. सत्ता येताच गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी ते मागे घेतले. सुमारे दोन हजार लोकांनी दूरचित्रवाणीचा परवाना शुल्क न भरण्याची प्रतिज्ञा केली. मे १९८० मध्ये ग्विनव्हर इव्हान्स यांनी ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषण करण्याचे जाहीर केले. मजूर पक्षाचे क्लेडविन ह्यूज आणि वेल्सचे आर्चबिशप यांच्यासह शिष्टमंडळ व्हाइटलॉ यांना भेटले आणि सप्टेंबरात सरकारने माघार घेतली. १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस-फोर-सी वाहिनी सुरू झाली. खाण कामगारांच्या देशव्यापी संपासमोर न झुकणाऱ्या पंतप्रधानांनी एका वृद्ध शाकाहारी राष्ट्रवाद्याच्या उपोषणाच्या इशाऱ्यासमोर निर्णय बदलला, यात केवळ हृदयपरिवर्तन पाहणे भाबडेपणाचे होईल. वाहिनीचा खर्च परवडणारा होता. वेल्समध्ये हुतात्मा निर्माण होणे परवडणारे नव्हते.

पुढचा प्रवास याच हिशेबाने झाला. वेल्शभाषक राज्यमंत्री विन रॉबर्ट्स यांच्या प्रयत्नाने १९८८ च्या शिक्षण कायद्यात वेल्सच्या सरकारी शाळांत ही भाषा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग झाली. १९९३ च्या कायद्याने वेल्श भाषा मंडळाला वैधानिक स्थान दिले आणि सार्वजनिक संस्थांना भाषा योजना तयार करणे बंधनकारक केले. संस्कृती म्हणून वेल्स मान्य, राजकीय घटक म्हणून अमान्य, असे या धोरणाचे सूत्र होते. ते राबविणाऱ्यांत प्रामाणिक भाषाप्रेमी होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच सरकारने वेल्सचा कारभार अशा मंत्र्यांकडे सोपविला ज्यांचे मतदारसंघ इंग्लंडमध्ये होते. त्यांपैकी जॉन रेडवुड यांची, राष्ट्रगीत येत नसताना ओठ हलविण्याचा प्रयत्न करणारी चित्रफीत आजही वेल्समध्ये आवर्जून दाखविली जाते. १९८३ मध्ये वेल्समधील ३८ पैकी १४ जागा जिंकणारा हुजूर पक्ष १९९७ मध्ये शून्यावर आला.

सहा हजार सातशे एकवीस मते

१८ सप्टेंबर १९९७ च्या दुसऱ्या सार्वमतात टोनी ब्लेअर यांच्या सरकारने पुन्हा सभेचा प्रस्ताव ठेवला. या वेळी रॉन डेव्हिस हे वेल्स मंत्री प्रचाराच्या आघाडीवर होते. बाजूने ५,५९,४१९, विरोधात ५,५२,६९८. फरक ६,७२१ मतांचा. २२ पैकी ११ स्थानिक क्षेत्रांनी होकार दिला, ११ नी नकार. जेथे सभा बसणार होती त्या कार्डिफने नकार दिला. पहाटेपर्यंत पारडे नकाराकडे झुकलेले होते आणि शेवटी आलेल्या कारमार्दनशरच्या निकालाने ते उलटले. कोळशाच्या खोऱ्यांतील बहुतेक क्षेत्रे या वेळी वेल्शभाषक पश्चिमेच्या बाजूने उभी राहिली. अठरा वर्षांत भाषेचे प्रेम वाढले म्हणून हे घडले नाही. ज्यांना मत दिले नाही त्यांनी चालविलेल्या राजवटीचा अनुभव खोऱ्यांच्या गाठीशी होता.

१९९९ च्या पहिल्या निवडणुकीत ६० पैकी मजूर पक्षाला २८, प्लाइड कम्रीला १७, हुजूर पक्षाला ९ आणि लिबरल डेमोक्रॅट्सना ६ जागा मिळाल्या. हुजूर पक्षाच्या नऊपैकी आठ जागा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या यादीतून आल्या होत्या. संसदेत वेल्समधून एकही खासदार नसलेल्या पक्षाला, ज्या सभेला त्याने विरोध केला तिनेच निवारा दिला. निक बोर्न यांच्या नेतृत्वाखाली तो पक्ष या व्यवस्थेशी जुळवून घेत गेला. २०१४ आणि २०१७ चे अधिकार वाढविणारे कायदे लंडनमधील त्याच्याच सत्ताकाळात झाले. जुन्या उदारमतवाद्यांचे वारस असलेल्या लिबरल डेमोक्रॅट्सना संघराज्याचे तत्त्वच मान्य असल्याने त्यांना मन वळवावे लागले नाही. संख्या मात्र त्यांची घटत गेली.

२००७ मध्ये मजूर पक्ष आणि प्लाइड कम्री यांची संयुक्त सत्ता आली. तिच्या काळात ३ मार्च २०११ चे सार्वमत झाले आणि ६३.५ टक्के मतांनी सभेला थेट कायदे करण्याचा अधिकार मिळाला. भाषेला अधिकृत दर्जा देणारा आणि भाषा आयुक्त नेमणारा कायदाही त्याच वर्षीचा. २०२० पासून सभेचे नाव ‘सेनेद’ झाले. २०१७ मध्ये मजूर सरकारने २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषकांचे उद्दिष्ट जाहीर केले. बेव्हन आणि थॉमस यांच्या पक्षाने घेतलेला हा निर्णय चाळीस वर्षांपूर्वी कोणी वर्तविला असता तर हसण्यावारी गेला असता.

आकडे उलट दिशेने गेले. २००१ मध्ये २०.८ टक्के असलेले प्रमाण २०११ मध्ये १९ आणि २०२१ मध्ये १७.८ टक्क्यांवर आले. ताजी घट मुख्यतः ३ ते १५ वयोगटातील मुलांत आहे, म्हणजे शाळांनी भाषा सांभाळली या समाधानालाच तडा गेला. टक्क्यांतील सर्वांत मोठी घसरण झाली कारमार्दनशरमध्ये, जेथून पक्षाचा पहिला खासदार आला आणि १९९७ चा निर्णायक निकाल आला. सॉण्डर्स ल्यूइस यांनी १९६२ मध्ये दिलेला इशारा त्यामुळे पुन्हा चर्चेत येतो. त्याला एक उत्तर असे की, घसरण शंभर वर्षांची आहे आणि स्वयंशासनाने तिचा वेग मंदावला. दुसरे असे की, कार्डिफ, न्यूपोर्ट परिसरात वेल्श माध्यमाच्या शाळा भरत असल्या तरी घरात, बाजारात भाषा जिवंत असलेली गावेच पश्चिमेत कमी होत आहेत, आणि तेथे कायद्यापेक्षा घरांच्या किमती अधिक बोलतात.

म्हणूनच २०२१ च्या मजूर–प्लाइड सहकार्य करारात सुट्टीच्या घरांचा विषय होता. दुसऱ्या घरावर स्थानिक कर तिप्पट वाढवून घेण्याची मुभा परिषदांना २०२३ पासून मिळाली, आणि आपला अंतर्गत कारभार वेल्शमधून चालविणाऱ्या ग्विनेद परिषदेने अधिभार दीडशे टक्क्यांवर नेला. बीझली दाम्पत्याच्या लँगेनेखमध्येही २०१७ मध्ये गावची द्विप्रवाही शाळा पूर्ण वेल्श माध्यमाची करण्याच्या निर्णयावरून दोन तट पडले आणि वाद पक्षीय राजकारणात ओढला गेला. भाषेच्या उद्दिष्टावर कार्डिफमध्ये होणारे एकमत गावच्या शाळेच्या दारात टिकतेच असे नाही. २०२५ चा वेल्श भाषा व शिक्षण कायदा सर्व शाळांना भाषेच्या प्रमाणानुसार वर्गांत बसवितो आणि प्रत्येक मूल शाळा सोडताना आत्मविश्वासाने वेल्श बोलू शकेल हे ध्येय ठेवतो. त्यासाठी वेल्शमधून शिकवू शकणारे पुरेसे शिक्षक मिळविणे हे त्याचे सर्वांत अवघड काम आहे.

स्वयंशासनाच्या बाजूने चित्र अधिक अस्थिर आहे. प्लाइड कम्रीने २००३ मध्ये पूर्ण स्वातंत्र्य हे अंतिम ध्येय म्हणून औपचारिकरीत्या स्वीकारले. २०२१ मध्ये ॲडम प्राइस यांनी सत्ता मिळाल्यास स्वातंत्र्यावर सार्वमत घेण्याचे वचन दिले; त्यांच्यानंतर आलेले र्‍हिन आप योर्वेर्थ यांनी ती घाई टाळली. लॉरा मॅकॲलिस्टर आणि माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स यांच्या सह-अध्यक्षतेखालील आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये वाढीव स्वायत्तता, संघराज्य आणि स्वातंत्र्य हे तिन्ही पर्याय व्यवहार्य असल्याचे म्हटले. मजूर पक्षात जुनीच दुफळी नव्या रूपात दिसते. कार्डिफमधील मजूर सरकारने राजघराण्याच्या नावे असलेल्या किनारी मालमत्तेवरील अधिकार मागितले, लंडनमधील मजूर सरकार ते देण्यास राजी झाले नाही. विधिमंडळच नको म्हणणारा प्रवाहही आहे. यूकिप पक्षाने २०१६ मध्ये सात जागा जिंकल्या; सभा बरखास्त करा एवढ्याच मागणीवर उभ्या राहिलेल्या पक्षाला मात्र २०२१ मध्ये एकही जागा मिळाली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरफिलीच्या पोटनिवडणुकीत प्लाइड कम्री विजयी झाला, रिफॉर्म यूके दुसरा आणि मजूर पक्ष तिसरा आला. १९६८ मध्ये ज्या जागेने मजुरांना हादरा दिला होता, ती सत्तावन्न वर्षांनी हातची गेली, आणि तीही इंग्रजी बोलणाऱ्या खोऱ्यातून, भाषेसाठी जन्मलेल्या पक्षाकडे.

मजूर पक्ष आणि प्लाइड कम्री यांच्या मतांवर संमत झालेल्या २०२४ च्या कायद्याने मे २०२६ च्या निवडणुकीपासून सेनेदची सदस्यसंख्या ६० वरून ९६ केली. हुजूर पक्षाने खर्चाच्या कारणावरून त्याला विरोध केला. नव्या रचनेत प्रत्येकी सहा सदस्यांचे सोळा मतदारसंघ आहेत आणि त्या सर्वांना एकच, वेल्श नाव आहे. १९७९ मध्ये बाजूच्या मतांची टक्केवारी सर्वांत कमी होती त्या पूर्व सीमेवरील ग्वेन्ट भागातला मतदारसंघही इंग्रजी बोलणाऱ्या मतदारांच्या मतपत्रिकेवर ‘सिर व्हनवी टोर्व्हाइन’ असाच छापला जातो.